फोन आला, पण पाऊस पडून गेल्यावर: व्हॉइस मेसेजची यंत्रणा भक्कम कशी करायची?

द्राक्षवेल
सोमवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या एका उत्पादक कंपनीत मी काम करते. सभासद ९४००. हवामान, फवारणी, डाऊनी-भुरी या रोगांचा इशारा हे सगळं आम्ही फोनवर रेकॉर्डेड आवाजात पाठवतो. ऑफिसच्या माळ्यावर एक जुना सर्व्हर आहे, त्यात अ‍ॅस्टरिस्क (फोन लावणारं-घेणारं सॉफ्टवेअर), आणि एक पीआरआय लाईन, म्हणजे ३० चॅनल, एका वेळी तीसच फोन. सहा वर्षांपूर्वी २१०० सभासद असताना एका मुलाने हे बसवून दिलं. तो आता परदेशात आहे, फोन उचलतो पण हसतो.

परवा संध्याकाळी अवकाळीचा अंदाज आला. ताईंनी (आमच्या कृषितज्ज्ञ) सव्वापाचला ५२ सेकंदांचा मेसेज रेकॉर्ड केला, सहाला फोन सुरू झाले. रात्री नऊनंतर कुणाला फोन करायचा नाही हा आमचाच नियम, त्यामुळे उरलेले सकाळी आठला पुन्हा सुरू झाले. पाऊस आला पहाटे तीनला. दहा वाजता एक काका ऑफिसात येऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा फोन आला हो. पण मी तेव्हा घडातलं पाणी झटकत होतो."

आमच्या रिपोर्टमध्ये त्या दिवशी "यशस्वी ९१ टक्के" असं आहे.

शिवाय शेतकऱ्यांनी फोन करून प्रश्न ठेवावा म्हणून एक व्हॉइसमेल आहे. त्यावर गेले चार महिने एकही नवा प्रश्न नाही. लोकांना गरज नसेल असं समजून आम्ही गप्प होतो, पण आता त्याचाही संशय येतोय. नवा मोठा सर्व्हर घ्यावा का? बजेट फार नाही.

---

रिकामटेकडा
सोमवार, सकाळी ९.४०

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका की. २०२५ मध्ये पीआरआय?

---

द्राक्षवेल
सोमवार, सकाळी ९.५८

आहेत ना ग्रुप, सतरा आहेत. त्यात रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात, इशारा त्याखाली गाडला जातो. निम्म्या घरांत शेतावर नेला जाणारा फोन बटणांचा असतो. आणि वाजणारा फोन माणूस बघतो, हा साधा फरक आहे.

---

जुनं_एक्स्चेंज
सोमवार, सकाळी ११.०५

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच ट्रंक आणि ट्रॅफिकमध्ये. पोरी, सर्व्हर घेऊ नकोस. आधी कागद घे.

३० चॅनलपैकी येणाऱ्या कॉलसाठी किती राखलेत? समजा ६. राहिले २४. मेसेज ५२ सेकंद, वर रिंग वाजण्याचे पंधरा-वीस. न उचललेला कॉलसुद्धा चाळीसेक सेकंद चॅनल अडवून बसतो. सरासरी एक मिनिट धर. म्हणजे तासाला २४ × ६० = १४४० कॉल. सहा ते नऊ, तीन तास: ४३२०.

सभासद ९४००. निम्म्याहून जास्त लोकांना त्या रात्री पहिला फोनसुद्धा गेलेला नाही. मशीन बिघडलं नव्हतं, बिचारं जेवढं जमतं तेवढं करत होतं.

आता माझा प्रश्न: ९१ टक्के म्हणजे कशाचे? ९४०० चे, की लावलेल्या कॉलचे? आणि "यशस्वी" कोण ठरवतं?

---

टर्मिनल
सोमवार, सकाळी ११.३१

काकांना +१. मी पुण्यात याच धंद्यात आहे, त्यामुळे अंदाज सांगतो: तुमची स्क्रिप्ट प्रत्येक नंबरची एक कॉल फाइल (कुणाला फोन लावायचा ते सांगणारी) बनवून अ‍ॅस्टरिस्कच्या आउटगोइंग फोल्डरमध्ये टाकत असणार, आणि फाइल टाकता आली की "यशस्वी" लिहीत असणार. फोन वाजला का, उचलला का, किती सेकंद ऐकला, यातलं काहीही त्यात नाही.

अजून एक बघा. फाइल त्याच फोल्डरमध्ये बसून लिहिली जातेय की बाहेर लिहून आत हलवली जातेय? आत लिहीत असाल तर अ‍ॅस्टरिस्क अर्धवट फाइल उचलतो आणि तो कॉल हवेत जातो. बाहेर पूर्ण लिहायची, मग हलवायची. तीसुद्धा त्याच डिस्कवर. दुसऱ्या डिस्कवरून हलवली तर आतून ती कॉपीच असते, म्हणजे पुन्हा तोच घोळ. या एका गोष्टीपायी मी एक अख्खी दिवाळी घालवलीये.

---

मनीमाऊ
सोमवार, दुपारी १२.१५

काही कळत नाहीये पण मजा येतेय. पॉपकॉर्न घेऊन बसले.

---

द्राक्षवेल
सोमवार, दुपारी ४.४७

टर्मिनल, तुमच्या तोंडात साखर पडो. तंतोतंत तसंच आहे. "यशस्वी" म्हणजे फाइल टाकली. उरलेले ९ टक्के म्हणजे नंबर दहा आकडी नव्हता!

आणि काका, आकडेमोड करून पाहिल्यावर अजून एक गोष्ट दिसली, ती जास्त लागली मनाला. यादी सभासद क्रमांकाने लावलेली आहे. म्हणजे दर वेळी पहिले साडेचार हजार जुने सभासद आधी. क्रमांक सात हजारच्या पुढचे सगळे गेल्या दोन-तीन वर्षांत आलेले, बहुतेक एक-दीड एकरवाले. त्यांना आमचा तातडीचा फोन वेळेत कधी गेलेलाच नाही. एकदाही नाही. ऑफिसात आलेल्या त्या काकांचा सभासद क्रमांक मी पाहिला: ८१६३.

---

जुनं_एक्स्चेंज
सोमवार, सायंकाळी ६.२०

रांगेतला शेवटचा माणूस कायम तोच असला की तक्रार येत नाही. त्याला वाटतं, हे असंच असतं.

येणाऱ्या कॉलचं पण सांगतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. १९०९ मध्ये त्याचा पहिला निबंध आला, १९१७ मध्ये सूत्रं. किती लाईनींवर किती कॉल झेपतात आणि किती जणांना "बिझी" ऐकू येतं, ते त्यातून निघतं. एक चॅनल तासभर सलग बोलत राहिला की एक एर्लांग. शंभरात एकालाच बिझी लागावं असं हवं असेल तर ३० चॅनलवर साधारण २० एर्लांगच टाकता येतात. पूर्ण ३० टाकलेस तर शंभरात तेरा जण बाहेर. आणि ६० चॅनल एकत्र ठेवलेस तर जवळपास ४७ झेपतात. चॅनल दुप्पट, काम दुपटीहून जास्त. म्हणून तुझे ते सहा चॅनल वेगळे काढून ठेवणं हे सर्वांत वाईट. सहात दोनाच्याही आतच मजल जाते.

आम्ही दहावीच्या निकालाच्या दिवशी हे डोळ्यांनी पाहायचो. दुपारपर्यंत एक्स्चेंज गार, निकालाची वेळ झाली की सगळे दिवे पेटलेले. लोक बिझी लागलं की लगेच पुन्हा लावतात, म्हणून गर्दी गर्दीला वाढवते.

---

कोकणी_माणूस
सोमवार, रात्री ८.०२

अवांतर: २०२३ मध्ये सगळ्यांच्या फोनवर तो कर्कश टेस्ट अलर्ट वाजला होता ना? आमच्या घरी आजीने फोन पाण्याच्या बादलीत टाकायचा बाकी ठेवला होता. तसं काही करता येणार नाही का?

---

टर्मिनल
सोमवार, रात्री ८.२५

ते सेल ब्रॉडकास्ट. टॉवर एकदाच ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ऐकतात, म्हणून तिथे रांगच नसते. पण ते आपत्ती व्यवस्थापनाचं सरकारी काम आहे, उत्पादक कंपनीला ते मिळत नाही. आपल्याला एकेकाचं दार वाजवायचं आहे.

---

शुभ्रा_क
मंगळवार, सकाळी १०.१०

मी आरोग्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून तिकडचं सांगते. मुंबईत २०१४ पासून 'एममित्र' आहे, गरोदर आणि बाळंतीण बायकांना मराठी-हिंदीत व्हॉइस मेसेज. केंद्राचं 'किलकारी' २०१६ पासून: चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ मेसेज. दोन्हींत फोन उचलला नाही तर पुन्हा लावला जातो, कारण फोन नवऱ्याकडे असतो, किंवा तो चार्जिंगला लावलेला असतो, किंवा हात पिठात असतात.

त्या कामातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. मोजायचं ते "उचलला" नाही, "किती सेकंद ऐकला". एममित्रमध्ये ज्या बायकांचं ऐकणं कमी होत जातं त्यांच्यातल्या कुणाला माणसाने स्वतः फोन करावा, हे ठरवायला गूगलच्या संशोधकांबरोबर एक पद्धत बसवली गेली. तुम्हाला एवढं नको. पण दहा सेकंदांच्या आत फोन ठेवणाऱ्यांची यादी काढा. त्यात काहीतरी सापडेलच.

आणि मेसेजच्या सुरुवातीला दोन सेकंद शांतता सोडा. माणूस हिरवं बटण दाबून फोन कानाला नेईपर्यंत तुमचं "नमस्कार, मी…" संपलेलं असतं.

---

द्राक्षवेल
मंगळवार, दुपारी २.३०

व्हॉइसमेलचं कोडं सुटलं. लिहायला लाज वाटतेय.

अ‍ॅस्टरिस्कच्या व्हॉइसमेलमध्ये एका फोल्डरला मेसेजची कमाल मर्यादा असते. वेगळी सांगितली नाही तर १००. फोनवरून मेसेज ऐकले की ते "जुने" फोल्डरमध्ये सरकतात आणि जागा होते. पण आमचा ऑपरेटर फोनवरून ऐकतच नव्हता. तो सर्व्हरवरच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन कॉम्प्युटरवर ऐकायचा, कारण ते सोयीचं. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी शंभरही मेसेज नवेच. शंभर भरले आणि दार बंद.

आज मी स्वतः फोन लावून पाहिला. एक बाई इंग्रजीत सांगते की मेलबॉक्स भरलेला आहे, आणि फोन कट. चार महिने आमचे शेतकरी त्या इंग्रजी बाईचं ऐकून फोन ठेवत होते. आणि आम्ही मीटिंगमध्ये म्हणत होतो, "प्रश्नच येत नाहीत, म्हणजे सल्ला नीट पोचतोय."

---

मनीमाऊ
मंगळवार, दुपारी २.४१

हे मात्र कळलं. आणि वाईट वाटलं.

---

टर्मिनल
मंगळवार, सायंकाळी ५.५५

मर्यादा वाढवता येते, ९९९९ पर्यंत. पण वाढवून थांबू नका, तिथे पोचायला फक्त वेळ जास्त लागेल. तो व्हॉइसमेल काढूनच टाका. साधं रेकॉर्डिंग करा, प्रत्येक फाइलला वेळ आणि नंबर असलेलं नाव, आणि डेटाबेसमध्ये एक ओळ: आला, ऐकला, उत्तर दिलं. जागेची चिंता नको. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८००० बाइट, मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा नाही.

आता जाणाऱ्या कॉलची रांग. कॉल फाइली फेकणं बंद. सगळे नंबर डेटाबेसमध्ये, प्रत्येकापुढे स्थिती. काम करणारी स्क्रिप्ट रांगेतून एकेक ओळ कुलूप लावून उचलते. दुसरी स्क्रिप्ट कुलूपवाली ओळ सोडून पुढची घेते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही सोय २०१६ पासून आहे. त्यामुळे मशीन दोन असोत की पाच, एका माणसाला दोनदा फोन जात नाही. आणि मधेच लाईट जाऊन सर्व्हर पुन्हा उठला तरी कुठून सुरू करायचं हे त्याला माहीत असतं.

पुन्हा कधी लावायचा, हे मनाने ठरवू नका. कॉल तुटला की नेटवर्क कारणाचा आकडा देतं. १७ आला तर समोरचा बोलतोय, पाच-सात मिनिटांनी लावा. १९, वाजला पण उचलला नाही, अर्ध्या-पाऊण तासाने. २० म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर, त्याला घाई करून उपयोग नाही. १ म्हणजे असा नंबरच नाही, यादीतून काढा आणि गावच्या माणसाकडून नवा घ्या. आणि ३४ आला, म्हणजे वाटेत मोकळी लाईन नाही, तर तो त्या शेतकऱ्याचा दोष नाही. तुम्ही जास्त जोरात ढकलताय, वेग कमी करा. बहुतेक घरगुती स्क्रिप्टा हे सगळं एकाच "फेल" खात्यात टाकतात आणि लगेच तीनदा लावून मोकळ्या होतात.

---

बागेतला
मंगळवार, रात्री ९.४८

मी तुमचा सभासद नाही, शेजारच्या तालुक्यातला आहे, पण असे फोन मलाही येतात. तीन गोष्टी.

एक, फवारणीचा ब्लोअर चालू असताना फोन वाजलेला कळत नाही. संध्याकाळी पाच ते सात आम्ही ट्रॅक्टरवर असतो. साडेसातनंतर करा.

दोन, १४० ने सुरू होणारा नंबर दिसला की आम्ही कट करतो. कर्जवाले असतात. तुमचा नंबर कायम एकच ठेवा आणि तो आम्हाला नाव घालून सेव्ह करायला लावा.

तीन, हे महत्त्वाचं. मागे एका मेसेजात औषधाचं प्रमाण "साठ ग्रॅम" होतं. मला "आठ" ऐकू आलं. माझ्या भावाला "सात". भांडण झालं घरात.

---

जुनं_एक्स्चेंज
मंगळवार, रात्री १०.३०

वा! बागेतल्या, लाख बोललात. टेलिफोनची पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झ. "स"चा सगळा जीव त्याच्या वर असतो. त्यामुळे साठचा आठ होणं हा ऐकणाऱ्याचा दोष नाही, तारेचा आहे. आमच्या वेळच्या ऑपरेटर मुली आकडा नेहमी फोडून सांगायच्या: "सहा-शून्य, साठ." ती पद्धत कुणी गंमत म्हणून काढलेली नव्हती.

द्राक्षवेल, अजून एक. आता तू चॅनल वाढवशील आणि एका गावाचे तीनशे फोन एकदम सोडशील. तसं करू नकोस. टॉवरवरचा टूजीचा एक कॅरिअर (रेडिओ वाहिनी) म्हणजे आठ टाइमस्लॉट, एका स्लॉटवर एक कॉल, त्यातलाही एखादा सिग्नलिंगला जातो. गावाच्या टॉवरवर अशी किती माणसं एका वेळी बोलणार? तुझ्याकडे दोनशे चॅनल असले तरी गावाची वेस तेवढीच रुंद. गावं पत्त्यांसारखी पिसून घे. आणि वादळाआधी वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की मग कितीही चॅनल असोत, काही होत नाही. म्हणून लवकर.

---

रिकामटेकडा
बुधवार, सकाळी ८.५०

माझे शब्द मागे. व्हॉट्सअ‍ॅप राहू दे.

---

शुभ्रा_क
बुधवार, सकाळी ९.३०

मिस्ड कॉलचा विचार करा. छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर २०१० पासून लोकांच्या बातम्या फोनवर घेतं, तिथे लोक मिस्ड कॉल देतात आणि यंत्रणा उलट फोन करते. लोकांचे पैसे वाचतात हे झालंच. पण काकांच्या हिशेबाने पाहिलं तर गर्दीही तुमच्या हातात येते: पाचशे जणांनी एकदम मिस्ड कॉल दिला तरी उलट फोन तुम्ही झेपेल तसे लावता. कुणाला बिझी ऐकावं लागत नाही.

---

द्राक्षवेल
चोवीस दिवसांनी, शनिवार, रात्री ११.१५

उशिरा लिहितेय, माफ करा. हंगाम.

केलं ते असं. पीआरआय ठेवली, पण ती आता मिस्ड कॉल आणि रोजच्या फोनांसाठी. तातडीच्या दिवसासाठी एका सेवादाराकडून १५० चॅनलची सिप ट्रंक (इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन लाईनी) घेतली, वापरू तेवढे पैसे. त्यांची अट सेकंदाला पाचच नवे कॉल. काकांच्या पद्धतीने कागदावर मांडलं: मेसेज ५२ वरून २८ सेकंदांवर आणला, एक कॉल सरासरी ४० सेकंद, १५० चॅनल, म्हणजे सेकंदाला पावणेचार नवे कॉल. अटीत बसतं. तासाला साडेतेरा हजार. मेसेज लहान करायला पैसे पडले नाहीत, पण ताईंना राजी करायला दोन दिवस गेले. "उत्पादक बंधू-भगिनींनो" काढायला त्या तयारच नव्हत्या.

यादी आता आधी पावसाच्या वाटेवरच्या महसूल मंडळांप्रमाणे, आणि आतमध्ये गावं पिसून. सभासद क्रमांकाचा संबंध संपला. प्रत्येक फेरीत पहिला, मधला आणि शेवटचा नंबर आमच्यातल्या कुणाचा तरी असतो. शेवटचा माझ्या आईचा. तिला फोन आला की ती मला फोन करून सांगते, "आला गं." यापेक्षा चांगलं मॉनिटरिंग मला सापडलेलं नाही.

पहिल्याच चाचणीत पडलो मात्र. लाईट गेली. सर्व्हर यूपीएसवर होता, तो मजेत चालू राहिला. पण लाईनचा भिंतीवरचा डबा आणि राऊटर साध्या बोर्डावर होते, चहाच्या किटलीशेजारी. सर्व्हर अकरा मिनिटं बंद लाईनवर फोन लावत होता. जुनी स्क्रिप्ट असती तर ते सगळे "यशस्वी" झाले असते. नव्या रांगेत ते आपोआप परत आले, लाईट आल्यावर गेले, कुणालाही दोनदा नाही. टर्मिनल, तुम्हाला अर्धा क्रेट द्राक्षं.

परवा खरा इशारा आला. साडेसातला सुरू केलं. पहिली फेरी सव्वाआठच्या सुमारास संपली, दुसरी-तिसरी धरून नऊच्या आत. किमान वीस सेकंद ऐकलेले: ६८४२. ९४०० पैकी. रिपोर्टमध्ये आता हाच आकडा सगळ्यात वर असतो. अध्यक्षांनी विचारलं, "आधी ९१ टक्के होतं, आता ७३ कसं? नव्या यंत्रणेने कमी झालं का?" त्यांना समजावायला एक तास लागला.

उरलेल्या अडीच हजारांत ४१२ नंबर अस्तित्वातच नाहीत. ते आता गावोगाव फिरून घेतोय.

---

जुनं_एक्स्चेंज
रविवार, सकाळी ६.४०

किटली कुठे हलवली ते सांग.

---

द्राक्षवेल
रविवार, सकाळी ८.०५

किटली तिथेच आहे, काका. डबा यूपीएसवर हलवला. किटली हलवायला अध्यक्षांची परवानगी लागते.

---

बागेतला
रविवार, रात्री ८.५६

आमच्याकडच्या कंपनीला हा धागा दाखवला, त्यांनी पण आकडे फोडून सांगायला सुरुवात केली. आज फोन आला, "सहा-शून्य, साठ ग्रॅम." मी आणि भावाने दोघांनी एकच ऐकलं. आता भांडण पाण्यावरून चालू आहे: पंप पंधरा लिटरचा धरायचा की वीसचा, ते मेसेजमध्ये नव्हतं.

---

द्राक्षवेल
रविवार, रात्री ९.१०

लिहून घेतलं. ताईंना उद्या सांगते. २८ सेकंदांत बसवायला लागेल.